अडतीस वर्षे आणि पाच महिने : लोकमान्यांच्या वेळेचा हिशेब

लोकमान्य टिळकांचे नाव निघाले, की परप्रांतात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना प्रथम आठवतो तो गणेशोत्सव. ते स्वाभाविकही आहे. आपल्यापैकी कित्येक मंडळांचा जन्मच मुळी चार बिऱ्हाडांनी मिळून बसवलेल्या गणपतीपुढे झाला आहे. त्यानंतर आठवतात ते केसरीचे अग्रलेख, राजद्रोहाचे खटले आणि मंडालेचा तुरुंगवास. या सर्व गोष्टी शालेय पुस्तकांतून आपण वाचल्या आहेत आणि मुलांनाही सांगत आलो आहोत. सुवर्णमहोत्सवाच्या या अंकासाठी लोकमान्यांचे चरित्र पुन्हा उघडताना मात्र आम्ही एक वेगळाच प्रश्न मनाशी धरला. ज्या माणसाच्या वाड्यात दिवसभर माणसांची रीघ लागलेली असे, ज्याच्यामागे वृत्तपत्रे, कोर्टकचेऱ्या, काँग्रेस आणि संसार यांचा अखंड व्याप होता, त्याने एवढे लेखन केले केव्हा, आणि कसे?

या प्रश्नात आमचा थोडा स्वार्थ आहे, हे सांगितलेच पाहिजे. नोकरी, बदल्या, मुलांच्या शाळा, गावाकडची येणीजाणी आणि मंडळाच्या सभा यांत आपले दिवस कसे सरतात, ते आपल्याला कळतही नाही. काही लिहावे, निदान वडीलधाऱ्यांच्या आठवणी तरी टिपून ठेवाव्यात, असे पुष्कळांच्या मनात असते. ते राहून जाते, आणि वेळ मिळाला नाही हे त्याचे ठरलेले कारण असते. टिळकांनाही वेळ मिळालेला नव्हता. म्हणूनच त्यांच्या वेळेचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे.

बाळ गंगाधर टिळक यांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीस झाला. वडील गंगाधरपंत हे शिक्षक. संस्कृत आणि गणित यांचा त्यांचा व्यासंग मोठा होता आणि त्यांनी शालोपयोगी पुस्तकेही लिहिली होती. १८६६ मध्ये त्यांची बदली पुण्यास झाली आणि टिळकांचे बिऱ्हाड कोकणातून देशावर आले. त्याच वर्षी मातोश्री पार्वतीबाई निवर्तल्या. पुढे सहा वर्षांनी, १८७२ मध्ये, गंगाधरपंत शेवटच्या दुखण्याने अंथरुणाला खिळले. त्यांना भगवद्गीतेवरील एक मराठी टीका वाचून दाखवण्याचे काम सोळा वर्षांच्या बाळकडे आले. गीतेशी त्यांचा पहिला परिचय हा असा आजाऱ्याच्या उशाशी झाला. जिने ऐन रणांगणावर अर्जुनाला युद्धाला उभे केले, तिचा शेवट संन्यासात किंवा केवळ भक्तीत कसा होईल, ही शंका पुढे या वाचनातूनच त्यांच्या मनात वाढत गेली. त्याच वर्षी गंगाधरपंत गेले. शंका मात्र मुलाजवळ राहिली, आणि पुढची अडतीस वर्षे तिने त्यांची पाठ सोडली नाही.

डेक्कन कॉलेजात गेल्यावर टिळकांनी पहिले संपूर्ण वर्ष प्रकृती सुधारण्यात घालवले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. तालीम, पोहणे आणि नौकाविहार यांपुढे अभ्यास मागे पडला आणि ते वर्ष परीक्षेच्या दृष्टीने वाया गेले. परंतु एका वेळी एकच काम मुख्य धरायचे आणि त्याची किंमत मुकाट्याने द्यायची, ही त्यांची वृत्ती येथे पहिल्यांदा दिसते. पुढे गणित विषय घेऊन ते पहिल्या वर्गात पदवीधर झाले आणि १८७९ मध्ये एल्एल.बी. झाले. सरकारी नोकरी करायची नाही, असा निश्चय त्यांनी आगरकरांबरोबर केला आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या साथीने १८८० च्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले. वर्षभरात, १८८१ च्या जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात, इंग्रजी मराठा आणि मराठी केसरी ही दोन साप्ताहिके निघाली.

येथून टिळकांच्या आयुष्यात मंगळवार आला. केसरी मंगळवारी निघे. वाचकांना दिलेला हा शब्द दर आठवड्याला पुन्हा नव्याने पाळावा लागे. प्रवास असो, कोर्टाची तारीख असो, घरात दुखणे असो, मंगळवार कोणासाठी थांबत नाही. पुढे केसरीची संपूर्ण जबाबदारी टिळकांच्या अंगावर आली, तेव्हा त्यांनी त्या कामाची एक पद्धत बसवून घेतली. अग्रलेख पुष्कळदा ते स्वतःच्या हाताने न लिहिता सांगत आणि दुसरा कोणी लिहून घेई. आठवडाभर माणसांशी बोलताना, पत्रे वाचताना आणि वाद घालताना विषय मनात घोळलेला असे. सांगायला बसले म्हणजे लेख जवळजवळ तयारच असे. गायकवाड वाड्यात येणाऱ्याजाणाऱ्यांमुळे त्यांच्या लेखनात खंड पडत होता, असे वरवर पाहता वाटते. खरे म्हणजे त्या माणसांच्या बोलण्यातूनच त्यांच्या लेखांना विषय मिळत होते. ज्याला रोज माणसांतच राहावे लागते, त्याने माणसांतूनच लिहिण्याची सोय करून घ्यावी, हा यातला व्यवहार आहे.

परंतु साप्ताहिकाचे लेखन आणि ग्रंथाचे लेखन यांत अंतर आहे. साप्ताहिक मुदतीवर चालते. ग्रंथाला मुदत घालून देणारा कोणी नसतो, आणि म्हणून तो वर्षानुवर्षे मागे पडतो. टिळकांचा पहिला ग्रंथ पुरा झाला तो मुदतीमुळेच, असे म्हणता येईल. १८९० च्या अखेरीस ते डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले. उपजीविकेसाठी कायद्याचा वर्ग काढला, लातूरला सरकी काढण्याच्या कारखान्यात भागीदारी केली. या धांदलीतच वेदांच्या काळासंबंधीचे आपले संशोधन त्यांनी १८९२ मध्ये लंडनला भरणाऱ्या प्राच्यविद्या परिषदेसाठी निबंधरूपाने लिहून काढले. मृगशीर्षातील वसंतसंपाताच्या उल्लेखांवरून वेदांचा काळ इसवी सनापूर्वी सुमारे चार हजार वर्षांपर्यंत मागे नेणारे ते विवेचन १८९३ मध्ये ओरायन या नावाने पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी सार्वजनिक गणेशोत्सवाच्या कामालाही त्यांनी हात घातला होता. परिषदेची तारीख नसती, तर हा ग्रंथ आणखी किती वर्षे टिपणांच्या अवस्थेत राहिला असता, कोण जाणे.

दुसऱ्या ग्रंथाची कथा याहून बोलकी आहे. १८९७ मध्ये राजद्रोहाच्या आरोपावरून टिळकांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. मॅक्समुल्लर यांनी आपल्या ऋग्वेदाच्या दुसऱ्या आवृत्तीची प्रत त्यांना पाठवली. ती वाचण्यास आणि त्यासाठी रात्री काही तास दिवा वापरण्यास सरकारने परवानगी दिली. दिवसभराच्या तुरुंगवासानंतर मिळणारे ते थोडे तास त्यांनी ऋग्वेदातील उषासूक्तांचा अर्थ लावण्यात घालवले. दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या त्या पहाटा ध्रुवप्रदेशातच संभवतात, हा विचार तेथे पक्का झाला. १८९८ च्या सप्टेंबरात सुटका झाल्यावर वर्ष संपण्याच्या आत त्यांनी पहिला मसुदा लिहून काढला आणि तो निरनिराळ्या प्रांतांतील विद्वानांपुढे ठेवला. ग्रंथ प्रसिद्ध झाला तो मात्र १९०३ च्या मार्चमध्ये. त्यांचे वेदांविषयीचे हे निष्कर्ष आजचे सगळे अभ्यासक स्वीकारत नाहीत, हे येथे नमूद केले पाहिजे. परंतु रात्रीच्या त्या दोन-चार तासांचा उपयोग एखाद्या माणसाने कसा केला, याचे मोल त्यामुळे कमी होत नाही.

मधली चार वर्षे कोठे गेली? याचे उत्तर ताईमहाराज प्रकरणात आहे. ऑगस्ट १८९७ मध्ये टिळक जामिनावर सुटून आले होते, आणि त्यांचे स्नेही बाबामहाराज मृत्युशय्येवर होते. आपल्या इस्टेटीचे आणि कुटुंबाचे विश्वस्त म्हणून त्यांनी टिळकांचे नाव घातले, आणि टिळकांनी ते मान्य केले. स्वतःवर राजद्रोहाचा खटला असताना अशी जबाबदारी नाकारली असती, तर कोणी दोष दिला नसता. पुढे दत्तकाच्या प्रश्नावरून बाबामहाराजांच्या विधवेशीच वाद पेटला. टिळकांवर खोट्या साक्षीचे फौजदारी खटले झाले, खालच्या कोर्टात शिक्षाही झाली. १९०४ मध्ये हायकोर्टाने त्यांना निर्दोष ठरवले, आणि दिवाणी दाव्याचा अंतिम निकाल प्रिव्ही कौन्सिलमधून त्यांच्या बाजूने लागला तो १९१५ मध्ये. मित्राला दिलेला एक शब्द अठरा वर्षे पुरला. टिळकांच्या आयुष्यातील किती तास त्या कागदपत्रांत गेले असतील, याचा विचार केला म्हणजे मन चरकते.

येथे थोडे थांबून एक गोष्ट पाहिली पाहिजे. कामे टाळून वेळ वाचवणारा माणूस टिळकांमध्ये शोधू गेल्यास तो सापडणार नाही. त्यांनी जबाबदाऱ्या हव्या तेवढ्या, कधी हव्या त्याहून अधिक घेतल्या. पण घेतलेली जबाबदारी अर्ध्यावर टाकली नाही, आणि एका कामाच्या ओझ्याखाली दुसऱ्या कामाचा धागा तुटू दिला नाही. गीतेचा प्रश्न या सर्व काळात त्यांच्याबरोबर होता. मूळ ग्रंथ आणि त्यावरील निरनिराळ्या आचार्यांची भाष्ये त्यांनी पुन्हा पुन्हा वाचली, नागपुरात या विषयावर व्याख्यान दिले, पंडितांशी चर्चा केल्या. लिहायला सवड नव्हती. विचार करायला सवड लागत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

२४ जून १९०८ रोजी टिळकांना मुंबईस अटक झाली. २२ जुलैला, म्हणजे त्यांच्या बावन्नाव्या वाढदिवसाच्या आदल्या रात्री, सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा सांगण्यात आली. काही दिवस साबरमतीच्या तुरुंगात ठेवून सप्टेंबरमध्ये त्यांना ब्रह्मदेशात मंडालेस नेले. शिक्षेचे रूपांतर साध्या कैदेत झाले होते. राहायला लाकडी गजांची खोली; उन्हाळ्यात आग, वाऱ्याबरोबर धूळ आणि हिवाळ्यात झोंबणारी थंडी. मधुमेह जडलेला, त्यामुळे खाण्यापिण्याची पथ्ये कडक. स्वयंपाकाला कुलकर्णी नावाचा एक मराठी कैदी दिलेला होता. त्या परक्या मुलखात मराठी बोलायला मिळे ते बहुधा त्याच्याशीच. घरची पत्रे मोजकी येत, तीही तपासून. आपल्या माणसांपासून आणि भाषेपासून दूर राहण्याचा अर्थ या स्मरणिकेच्या वाचकांना निराळा सांगायला नको. पण आपण येथे स्वेच्छेने आलो आहोत, आणि मनात येईल तेव्हा गाडीत बसू शकतो.

सहा वर्षांचा रिकामा वेळ पुढे पसरलेला असताना टिळकांनी पहिली गोष्ट केली ती ही, की तो वेळ रिकामा राहू दिला नाही. पहाटे उठणे, ईश्वरचिंतन, वाचन, पथ्याचे जेवण, पुन्हा वाचन, संध्याकाळी खोली बंद होणे, असा दिवसाचा क्रम लागला. पुण्याहून आणि अन्य ठिकाणांहून त्यांनी पुस्तके मागवण्यास सुरुवात केली. हळूहळू हा संग्रह चारशेच्या घरात गेला. व्याकरण आणि कोश पुढे ठेवून, गुरूवाचून, त्यांनी जर्मन, फ्रेंच आणि पाली या भाषांचा अभ्यास केला. पन्नाशी उलटलेल्या आणि सुटून जाऊ की नाही याची खात्री नसलेल्या माणसाने हे केले. भाचे धोंडोपंत विद्वांस यांना लिहिलेल्या पत्रांतून ते मुलांच्या शिक्षणाविषयी, ताईमहाराज दाव्याविषयी आणि हव्या असलेल्या पुस्तकांविषयी सूचना करीत. पत्रांची संख्याच मर्यादित असल्याने प्रत्येक पत्रात काय घालायचे हे आधी ठरवावे लागे. प्रपंचाची सारी कामे एका बैठकीत, एका पत्रात उरकून पुन्हा ग्रंथाकडे वळायचे, अशी ही व्यवस्था होती.

लिहिण्याच्या साधनांवर तुरुंगाचे निर्बंध कडक होते. सुटे कागद मिळत नसत; पाने मोजून, क्रमांक घालून बांधलेल्या वह्या मिळत. शाई नाही, पेन्सिल, आणि तीही तासून दिलेली. पान फाडून टाकण्याची सोय नाही. अशा स्थितीत लेखकाला एकच मार्ग उरतो: काय लिहायचे ते आधी डोक्यात पुरते बसवणे. टिळकांनी तेच केले. पहिली दोन वर्षे बहुतांशी वाचनात, टिपणांत आणि आराखड्यात गेली. प्रकरणांचा क्रम, कोणता मुद्दा कोठे यायचा, कोणत्या मताचे खंडन कोठे करायचे, हे सर्व ठरले. आणि मग १९१०-११ च्या हिवाळ्यात, कार्तिक ते फाल्गुन या अवघ्या पाच महिन्यांत, गीतारहस्याचा संपूर्ण खर्डा पेन्सिलीने लिहून झाला. पंधरा प्रकरणे, गीतेचे बहिरंगपरीक्षण, मूळ श्लोक, भाषांतर आणि टिपा असा हा प्रचंड ग्रंथ. पुढे सुचेल तशी त्यात भर आणि दुरुस्ती होत राहिली. पाच महिन्यांच्या या वेगाचे आपण नवल करतो, पण त्यामागे गंगाधरपंतांच्या उशाशी सुरू झालेली अडतीस वर्षे होती.

या कामाची किंमत कोणी दिली, हेही विसरून चालणार नाही. टिळक मंडालेत असतानाच ७ जून १९१२ रोजी सत्यभामाबाई पुण्यास निवर्तल्या. त्यांनाही मधुमेह होता. पतीच्या तीन तुरुंगवासांत घर सांभाळलेल्या, थोरल्या विश्वनाथाचा प्लेगातील मृत्यू सोसलेल्या या बाईची शेवटची भेट टिळकांना झाली नाही. बातमी आली ती तारेने. त्या वेळी त्यांनी पत्रातून घरी कळवले ते मुख्यतः मुलांची काळजी घेण्याविषयी. मोठ्या माणसांच्या दिनक्रमाचे कौतुक करताना त्यांच्या घरचा दिवस कोणी रेटला, हे चरित्रांत फार थोड्या ओळींत उरकले जाते. आमच्या मते गीतारहस्याच्या पाच महिन्यांत सत्यभामाबाईंच्या पुण्यातील वर्षांचाही वाटा आहे.

जून १९१४ मध्ये सुटका होऊन टिळक मध्यरात्री पुण्यास पोहोचले. हस्तलिखित मात्र सरकारने ठेवून घेतले होते. वह्या परत मिळतील की नाही, या चिंतेने मित्रमंडळी अस्वस्थ झाली. टिळक स्वतः निश्चिंत होते. वह्या गेल्याच, तर सर्व ग्रंथ डोक्यात आहे, सिंहगडावर जाऊन पुन्हा लिहून काढू, अशी त्यांची तयारी होती. तसा प्रसंग आला नाही. काही आठवड्यांनी वह्या परत आल्या, स्नेह्यांच्या मदतीने शुद्ध प्रत तयार झाली, आणि जून १९१५ मध्ये, म्हणजे सुटकेपासून वर्षाच्या आत, ग्रंथ वाचकांच्या हाती पडला. येथेही त्यांची जुनी शिस्त दिसते. खर्डा झाला म्हणजे काम झाले असे त्यांनी कधी मानले नाही. छापून बाहेर पडेपर्यंत ते काम त्यांच्या डोक्यावर उभे असे.

यानंतरची पाच वर्षे मात्र लेखनाच्या वाट्याला फारशी आली नाहीत. मंडालेच्या वह्यांत त्यांनी आणखी कित्येक ग्रंथांचे बेत आखले होते. त्यांत हिंदू धर्माचा इतिहास होता, शिवाजी महाराजांचे चरित्र होते, गणितावरील पुस्तकही होते. परंतु १९१६ मध्ये होमरूल लीग निघाली, त्याच वर्षी लखनौचा करार झाला, नंतर चिरोलवरील दाव्यासाठी १९१८-१९ मध्ये विलायतेचा प्रवास झाला. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईच्या सरदारगृहात लोकमान्यांचा देहान्त झाला. वेदांगज्योतिषावरील लेखन १९२५ मध्ये, त्यांच्या पश्चात, प्रसिद्ध झाले. बाकीचे ग्रंथ यादीतच राहिले. ज्याने कर्मयोगावर ग्रंथ लिहिला, त्याने निवड करण्याची वेळ आली तेव्हा लेखणीपेक्षा लोकांची कामे पुढे धरली. ही निवड त्यांची होती, आणि तिची हळहळ करण्याचा अधिकार आपल्याला कितपत आहे, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे.

या चरित्रातून आम्हांला जे मिळाले ते थोडक्यात असे. एक, मोठ्या कामाचा प्रश्न वर्षानुवर्षे मनात जागा ठेवता येतो. त्यासाठी सुट्टी लागत नाही. दोन, बाहेरून आलेली मुदत ओझे नसून आधार असते, मग ती परिषदेची असो वा मंगळवारची. तीन, लिहायला बसण्यापूर्वी आराखडा पुरा असला, की थोडा वेळही पुरतो. आणि चार, दिलेला शब्द पाळण्यात वेळ जातोच. म्हणून शब्द देताना त्याची किंमत ओळखावी, आणि ती आपल्या घरचेही देत असतात याचे भान ठेवावे.

मंडळाला पन्नास वर्षे पूर्ण होत आहेत. या गावी पहिल्यांदा उतरलेली मराठी बिऱ्हाडे, त्यांनी शोधलेली घरे, जमवलेली पुस्तके, पहिल्या गणपतीची वर्गणी, मुलांना मराठी लिहायला शिकवण्यासाठी केलेली खटपट, यांचा इतिहास आज थोड्या वृद्ध माणसांच्या स्मरणातच उरला आहे. त्यांच्यापैकी कोणाच्या तरी उशाशी बसून तो ऐकणे आणि बांधलेल्या एका वहीत टिपून ठेवणे, एवढे काम आपल्यापैकी कोणालाही करता येईल. पुढील गणेशचतुर्थी ही त्याची मुदत धरावी, अशी आमची सर्व वाचकांना विनंती आहे.